कडक, गोड, फळांची एल: नवख्यांनी चव घ्यायची कशी

एल म्हणजे बिअरचाच एक प्रकार. फळ घातलेल्या गोड, १०-१२ टक्के अल्कोहोलच्या एलची ३३० मिलीची एक बाटली, माणसं तीन किंवा चार. ही वाटणी बाटली उघडण्याआधीच ठरवून टाका, कारण सगळी गडबड इथूनच सुरू होते. बाटली बिअरची, रंग सरबताचा, वर फळाचं चित्र. त्यामुळे हात आपोआप मोठ्या मगकडे जातो. आता हिशोब बघा. १२ टक्क्यांच्या ३३० मिली एलमध्ये सुमारे ४० मिली शुद्ध अल्कोहोल असतं. आपल्याकडच्या ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ६० मिली पेगमध्ये ते २६ मिलीच्या आत असतं. म्हणजे एक बाटली एकट्याने संपवली की दीड मोठा पेग पोटात गेला, तोही गोडाच्या आड लपून. शिवाय माल्टची (मोड आणून वाळवलेल्या बार्लीची) न आंबलेली साखर धरून तीनशेच्या वर कॅलरी. मधुमेह असलेल्यांनी, किंवा अल्कोहोल चालत नाही अशा गोळ्या सुरू असलेल्यांनी या वाटेला जाऊच नये.

प्रत्येकी ८० ते ९० मिली मिळाली तर चव घेऊन पुरते. त्याहून जास्त प्यायल्यावर जीभ तशीही काही सांगत नाही.

गोडवा कुठून येतो, फळ कुठे जातं

हे आधी समजून घ्या, कारण पुढची सगळी चव याच्यावर बेतलेली आहे.

साध्या बिअरसाठी जो माल्टचा काढा करतात, त्यात १०० ग्रॅममागे साधारण १२ ग्रॅम विरघळलेला ऐवज असतो, त्यातली बहुतेक साखरच. कडक एलसाठी माल्ट दुपटीने घालतात आणि हाच आकडा २४-२६ वर नेतात. यीस्ट ही साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतं. अल्कोहोल वाढत गेलं की यीस्टचा दम संपतो, आणि माल्टमधल्या काही साखरा तर त्याला मुळातच पचत नाहीत. जे उरतं तो या एलचा गोडवा: गूळ, काकवी, खजूर या घराण्यातला.

फळाची गोष्ट उलटी आहे. फळातली साखर म्हणजे मुख्यतः ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि सुक्रोज. ती यीस्टला सगळ्यात सोपी. आंबताना फळ घातलं तर त्याची साखर जवळजवळ पूर्ण जाते आणि मागे राहतो वास, रंग, आंबटपणा आणि सालीबियांचा तुरटपणा. म्हणून खऱ्या रास्पबेरीच्या एलमध्ये गोडवा माल्टचा असतो आणि रास्पबेरी आंबट, किंचित लाकडी लागते. आंबणं थांबल्यावर वरून रस किंवा सिरप घातलं असेल तर फळ आणि गोड एकत्र येतात. ग्लास हातात आल्यावर पहिला प्रश्न हाच विचारायचा: गोड आणि फळ हातात हात घालून येतंय, की वेगवेगळ्या दारांनी?

फळाची म्हणजे कडकच, असंही नाही. बेल्जियमची लिंडेमन्स फ्रांबवाज ही रास्पबेरीची लँबिक (हवेतल्या यीस्टवर आंबवलेली बेल्जियन बिअर) गोड आणि लालचुटूक, पण फक्त २.५ टक्के. बेल्जियमचीच, ह्युग ब्रूअरीची चेरीची डिलिरियम रेड ८ टक्के. आणि अमेरिकेत डेलावेअरच्या डॉगफिश हेडने रास्पबेरी घालून केलेली फोर्ट थेट १५ ते १८ टक्क्यांत. ग्लासातल्या रंगावरून यातलं काही कळत नाही. लेबलावरचा टक्का वाचल्याशिवाय ओतू नका.

ठाण्यात, नवी मुंबईत हे मिळतं का

दुकानात जवळजवळ नाही. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्न सुरक्षा संस्थेच्या मानकांप्रमाणे स्ट्राँग बिअरची कमाल मर्यादा ८ टक्के आहे. त्यामुळे घोडबंदर रोडला किंवा वाशी-सीवूड्सकडे कुठल्या मायक्रोब्रूअरीत (स्वतःची बिअर बनवणाऱ्या बारमध्ये) बसलात तर ८ च्या आतलंच मिळेल. सुरुवातीला तेच बरं. तिथे फळाची किंवा बेल्जियन धाटणीची एल नळावर असेल तर पूर्ण ग्लास न मागवता छोटा टेस्टर मागा आणि पुढे सांगितलेली पद्धत त्याच्यावर वापरा. बर्फाळ ग्लासात आणू नका, हे आधी सांगावं लागतं.

१०-१२ टक्क्यांच्या बाटल्या येतात त्या परदेशातून येणाऱ्या कुणाच्या तरी सामानातून. मद्याची शुल्कमुक्त मर्यादा माणशी २ लिटर आहे. ३३० मिलीच्या सहा बाटल्या १.९८ लिटर भरतात, बरोबर बसतात. पण त्यात व्हिस्कीची बाटलीही आणायची असेल तर गणित कोलमडतं. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी वय २१ पूर्ण लागतं, कडक मद्यासाठी २५. प्यायचा परवाना वेगळा: विदेशी मद्यासाठी एका दिवसाचा ५ रुपये, वर्षाचा १००, आजन्म १,०००. कुणी विचारत नाही म्हणून कुणी काढत नाही, पण नियम आहे.

बाटली घरी आल्यावर

कपाटात ठेवू नका. मे महिन्यात ठाण्याच्या बंद फ्लॅटमध्ये पारा ३३-३४ च्या खाली येत नाही, आणि त्या उष्णतेत आठवडाभरातही फळाचा वास मंदावतो. त्याहून मोठी भीती वेगळी आहे: फळाचा रस वरून घातलेली आणि पाश्चराइज न केलेली एल उबेत पुन्हा आंबायला लागते, दाब वाढतो, बाटली फुटू शकते. फ्रिजमध्ये, खालच्या कप्प्यात, मागच्या बाजूला, उभी. दारातल्या कप्प्यात नको. दिवसातून चाळीस वेळा उघडझाप होते तिथे.

"कडक आहे, दोन वर्षं मुरू दे" हा सल्ला बार्लीवाइनला, म्हणजे फळाविना नुसत्या माल्टच्या कडक एलला चालतो. फळाच्या एलला नाही. माल्ट मुरतो तोवर फळ निघून गेलेलं असतं. स्ट्रॉबेरी सगळ्यात आधी, चेरी त्यामानाने टिकते. लेबलावर बाटलीबंद केल्याची तारीख पाहा आणि वर्षाच्या आत उघडा.

बाटली आदल्या दिवसापासून उभी हवी, म्हणजे तळाला यीस्टचा गाळ बसतो.

ग्लास कुठला? ब्रँडीचा पोटाळ ग्लास उत्तम, वाइनचा चालतो. तोंड पोटापेक्षा अरुंद असावं एवढंच. वास त्यात साठतो. स्टीलचा पेला, चहाचा ग्लास, जाड काचेचा मग तिन्ही बाद. ग्लास स्वच्छ आहे का हे बघायची सोपी रीत: पाण्याने आतून ओला करून उलटा धरा. पाणी सलग पडद्यासारखं उतरलं तर ठीक, थेंब-थेंब तुटलं तर तेलकटपणा आहे. भांड्यांच्या त्याच घासणीने ग्लास घासला की फोडणीचं तेल ग्लासाला लागतं आणि फेस बसतो. खाण्याचा सोडा चिमूटभर घेऊन बोटाने चोळा, भरपूर पाण्याने धुवा, उलटा ठेवून वाळू द्या. फडक्याने पुसू नका, फडक्याचा वास लागतो.

वेळ आणि खोली

आपल्याकडे संध्याकाळी सातला तीन गोष्टी एकदम होतात: देवापुढे उदबत्ती, खिडकीत डासांची कॉइल आणि शेजारच्या स्वयंपाकघरात लसणाची फोडणी. यातली एक जरी असली तरी नाक कामातून गेलं. सुट्टीच्या दिवशी चार-साडेचारला बसा. अत्तर, डिओ, मोगऱ्याचा गजरा, ताजी पुसलेली फरशी, यातलं काहीही नको. दुपारी मामलेदारची मिसळ झाली असेल तर बेत पुढे ढकला. तिखटाने चरचरलेल्या तोंडाला १२ टक्के अल्कोहोल नुसतं भाजतं, चव कळत नाही. पावसाळ्यात सर्दीने नाक बंद असेल तर त्याच न्यायाने बाटली फ्रिजमध्येच राहू द्या. पण रिकाम्या पोटीही बसू नका. तासाभरापूर्वी वरण-भात, पोळी-भाजी असं साधं काहीतरी खाल्लेलं असावं.

आधी जिभेचा सराव

महागाची बाटली उघडण्याच्या आदल्या आठवड्यात हा सराव करा. चार जणांत मिळून करायचा. लागणारं साहित्य: साधा वोडका, साखर, लिंबू, चहापत्ती, मोजमापाचा कप, चार ग्लास. वोडका आला म्हणजे वयाची अट २५ ची.

पहिल्या ग्लासात २८ मिली वोडका आणि ७२ मिली पाणी. हे सुमारे १२ टक्के झालं. दुसऱ्यात तेच, अधिक दोन सपाट चमचे साखर, म्हणजे सुमारे ८ ग्रॅम, पूर्ण विरघळवा. तिसऱ्यात दुसऱ्यासारखंच, वर एक चमचा लिंबाचा रस. चौथ्यात २८ मिली वोडका, ८ ग्रॅम साखर, पण पाण्याऐवजी ७२ मिली कडक, थंड केलेला कोरा चहा.

प्रत्येकातला दोन चमचेच घोट घ्या, मधे साधं पाणी. पहिला ग्लास घशाला लागतो. दुसरा लागत नाही, अल्कोहोल तितकंच असूनही! साखर किती झाकते हे एकदा जिभेने अनुभवलं की कडक गोड एलपुढे माणूस आपोआप जपून वागतो. तिसरा दुसऱ्यापेक्षा कमी गोड वाटेल, साखर तेवढीच आहे. आंबटाने गोड दबतं. रास्पबेरी, कोकम, जांभूळ घातलेल्या एलमध्ये आंबटाचं हेच काम असतं. चौथ्यात गोड येतं आणि लगेच हिरड्या-गाल कोरडे पडतात. हा तुरटपणा, फळाच्या सालीतून आणि बियांतून येणारा. कडू आणि तुरट यांची गल्लत नवखे हमखास करतात. कडू ही चव आहे, तुरट हा स्पर्श आहे. कडू जिभेवर रेंगाळतं, तुरट गालाला आतून ओढतं.

उरलेलं ओतून द्या. संपवण्यासाठी नाही ते.

दुसरा सराव नाकाचा, आणि तो बिनदारूचा. ज्या फळाची एल आहे ते फळ आणा. थंडीत महाबळेश्वरची रास्पबेरी येते, नाहीतर गोठवलेली मिळते. एका वाटीत फळ कुस्करून, दुसरीत त्याच फळाचा जॅम, तिसरीत त्याच फळाचं एसेन्स घातलेलं सरबत. डोळे मिटून तिन्ही हुंगा. मुंबई-ठाण्यात वाढलेल्यांच्या डोक्यात रास्पबेरी म्हणजे इराण्याकडचा लाल सोडा असतो. खरी रास्पबेरी तशी नसते: आंबट, हिरवट, बियांमुळे जरा लाकडासारखी. त्या सोड्याच्या आठवणीने एल प्यायला बसलं की "फळच लागत नाही" अशी तक्रार होते, आणि फळ समोर उभं असतं. आंब्याचंही असंच. साखर गेल्यावर हापूसचा आमरसासारखा भाग उडतो आणि देठाजवळच्या चिकासारखा वास पुढे येतो. आंब्याच्या एलमधला तो वास हा बिघाड मानायचा नाही, फार तीव्र नसेल तर.

ओतणं

फ्रिज ४ अंशांना असतो. या एलला १० ते १४ अंश लागतात. एसी लावलेल्या खोलीत बाटली साधारण २५ मिनिटं बाहेर ठेवा; एसी नसेल तर १५ पुरे, कारण दमट हवेत बाटलीवर बाष्प धरतं आणि ती भराभर तापते. स्वयंपाकाचा डिजिटल थर्मामीटर असेल तर पहिल्या ग्लासात बुडवून बघा, अंदाज कायमचा बसतो.

एवढा हट्ट का? थंडीत वास बाहेरच येत नाही, गोडही कमी जाणवतं, मग उरतो तो कडूपणा आणि गॅसची टोचणी. एल पातळ वाटते. १८-२० च्या वर गेली की उलट: साखर गळ्याशी येते, अल्कोहोल नाकात चढतं. "सरबतात दारू ओतल्यासारखी लागली" असं सांगणाऱ्यांनी ती बहुधा अर्धा तास हातात धरून बसल्यावर प्यायलेली असते. ग्लास दांडीने धरा. थंड जास्त वाटली तरच तळव्यात घ्या.

बाटली सिंकवर उघडा. फळाची एल कधीकधी उसळते. उघडण्याआधी थोडी कमी थंड असेल तर आणखी. ग्लास तिरपा धरून हळू ओता, शेवटचा थोडा सरळ. चारही ग्लास एकाच ओतण्यात भरा, बाटली मधे उभी करू नका. प्रत्येक वेळी उभी-आडवी केली की गाळ ढवळतो आणि चौथ्याच्या वाट्याला गढूळ येते. तळाची २०-३० मिली बाटलीतच ठेवा, ती शेवटी वेगळी चाखा. गाळ विषारी नसतो, नुसता पावासारखा लागतो.

फेस थोडा आला आणि लवकर बसला तर नाक मुरडू नका. इतक्या अल्कोहोलमध्ये फेस टिकत नाही. ग्लास फिरवल्यावर आतल्या बाजूने ओघळ उतरतात, त्यांचंही कौतुक नको; पाणी आणि अल्कोहोल यांच्या पृष्ठताणातल्या फरकाने ते येतात, त्यावरून अल्कोहोल बरंच आहे एवढंच कळतं. दिसण्याला किती भाव द्यायचा याचं माप हवं असेल तर बिअर परीक्षकांची बीजेसीपी ही संस्था ५० गुणांच्या तक्त्यात वासाला १२, चवीला २०, तोंडातल्या जाणिवेला ५, एकूण मताला १० देते आणि दिसण्याला फक्त ३.

हुंगणं आणि घोट

नाक ग्लासात खुपसून लांब श्वास घेतलात तर अल्कोहोलने नाक बधिर होईल आणि पुढची पाच मिनिटं फुकट. ग्लास हनुवटीपाशी धरा, दोन-तीन छोटे श्वास, थांबा. मग तोंडाशी आणा, पुन्हा दोन. मग तळहाताने ग्लास झाकून हलकेच फिरवा, हात काढा आणि पटकन एक हुंगा. पहिल्या हुंगण्यात जे आलं ते लगेच लिहा, एकमेकांना न सांगता. एकाने मोठ्याने "चेरी" म्हटलं की बाकी तिघांना चेरीच येते.

शब्द इंग्रजी पुस्तकातले आणू नका, घरातले वापरा. काळी मनुका, सुकं अंजीर, खजूर, काकवी, जळकी साखर, भाजलेला पाव ही माल्टची बाजू. गुलकंद, आंबापोळी, आमसूल, मोरावळा, जांभळाची बी ही फळाची. लवंग, जायफळ, पिकलेलं केळं हे यीस्टचं काम. या तीन खणांत एकेक शब्द जरी पडला तरी नवख्यासाठी झालं. पंधरा वास ओळखले असं सांगणाऱ्यावर फार विश्वास ठेवू नये.

आता घोट. दोन चहाचे चमचे, म्हणजे ८-१० मिली. गिळायची घाई नको. पाच-सहा सेकंद तोंडभर फिरवा. जिभेच्या टोकाला गोड, मागे कडू असा नकाशा शाळेत पाहिलेला असेल, तो चुकीचा आहे; सगळ्या चवी जिभेवर सगळीकडे लागतात. मग गिळा, तोंड मिटलेलं ठेवा आणि नाकावाटे श्वास बाहेर सोडा. फळ इथेच येतं. पटत नसेल तर एक घोट नाक चिमटीत धरून घ्या: नुसतं गोड-आंबट लागेल. मधेच चिमूट सोडा. रास्पबेरी एकदम उगवेल.

पहिल्या घोटावर मत बनवू नका. तो अल्कोहोल आणि साखरेच्या धक्क्यात जातो. पाणी प्या, पावाचा तुकडा खा, मिनिटभर थांबा. दुसऱ्या घोटाला चार गोष्टी क्रमाने बघा: गोड कधी आलं, त्याला कापायला काय आलं (आंबट, कडू की तुरट), अल्कोहोलची ऊब कुठे लागली, आणि गिळल्यावर शेवटी काय उरलं. चांगली एल गोडाने सुरू होते आणि गोडावर संपत नाही. शेवटी नुसती साखर ओठांना चिकटून राहिली, तर एल जड आहे, मग किंमत काहीही असो. ऊब छातीशी, हळूहळू येणारी असावी. घसा जाळणारी नसावी.

दहा-दहा मिनिटांनी तिसरा, चौथा घोट. तेवढ्यात ग्लास दोन-तीन अंश चढलेला असतो आणि एल बदललेली असते. आधी लपलेली मनुका-काकवी साधारण १३-१४ ला वर येते. हा बदल बघणं हा या पेयाचा खरा मजेशीर भाग आहे, म्हणून ८० मिलीला पाऊण तास द्या.

बिघाड कसा ओळखायचा

नेलपॉलिश रिमूव्हरचा वास: इथाइल अॅसिटेट. यीस्टवर ताण आला किंवा आंबवण जास्त तापलं की तयार होतं. अंशभर असेल तर फळासारखं भासतं, नाकाला झोंबलं तर बिघाड. घसा जळत असेल तर त्याचं मूळही बहुधा गरम आंबवणीत असतं. जड अल्कोहोलं जास्त झालेली असतात. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे ऑक्सिजन लागला आणि उष्णतेने काम पूर्ण केलं. गडद रंगाच्या एलमध्ये हेच जरा मुरलेल्या मनुकेकडे झुकतं आणि खपून जातं, फिकट फळाच्या एलमध्ये नाही. लोणी किंवा बटर पॉपकॉर्न आलं तर डायअॅसिटिल. डेटॉलसारखा, बँडेजसारखा वास क्लोरिनच्या पाण्यामुळे किंवा जंगली यीस्टमुळे.

नवख्यांना सगळ्यात अडतं ते आंबट आणि आंबलेलं यांत. इथे नाक कामाला येतं. फळातलं सायट्रिक, मॅलिक आम्ल उडत नाही, त्याला वास नाही. ते फक्त जिभेला कळतं. व्हिनेगरचं अॅसिटिक आम्ल उडतं. हुंगल्याबरोबर नाकात झिणझिण्या आल्या तर जिवाणूंनी घर केलंय. आंबट फक्त जिभेला लागलं तर ते फळाचं.

आणि खोकल्याचं औषध. चेरीच्या एलबद्दल हे ऐकू येतंच. चेरीच्या बीमधून बेंझाल्डिहाइड हा कडू बदामाचा वास येतो आणि औषधवाले चेरीच्या चवीसाठी तोच वापरतात. तेव्हा औषधाची आठवण आली म्हणून एल बिघडली असं होत नाही. मात्र आंबट काहीच नाही, तुरट काहीच नाही, नुसता मोठा वास आणि मागे पोकळ गोड, असं असेल तर आत फळ कमी आणि एसेन्स जास्त.

चकणा

चव घेताना फक्त बिनमसाल्याचा पाव आणि पाणी. खायचं ते नंतर, उरलेल्या दोन घोटांबरोबर. शेव-फरसाण, चिवडा, भाकरवडी नको. मसाला आणि अल्कोहोल एकमेकांना चिथावतात. खारे शेंगदाणे, काजू चालतात, मीठ कडूपणा दबवतं. जुनं, खारट चीज उत्तम. रास्पबेरी-चेरीबरोबर ७० टक्क्यांचं डार्क चॉकलेट जमतं. आंबा बर्फी, श्रीखंड, पुरणपोळी यांच्याबरोबर मात्र घात होतो: पदार्थ एलपेक्षा गोड असला की एल आंबट आणि पातळ वाटायला लागते. तिळाची चिक्की छोटा तुकडा, तीही काठावरच.

जाताना

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. ८० मिली एल आणि वर एखादा "उरलंय तर घे" एवढ्यावर बारीक चणीचा माणूस ती ओलांडू शकतो, आणि गोडामुळे त्याला चढल्याचं जाणवतही नाही. स्कूटर राहू द्या खाली सोसायटीत. रिक्षा, लोकल, टीएमटीची बस, नाहीतर मुक्काम.

बाटलीत उरली तर घट्ट बूच लावून फ्रिजमध्ये एक दिवस टिकते, गॅस जातो. दुसऱ्या दिवशी तिची चव घेऊन बघण्यात अर्थ नाही. छोट्या कढईत मंद आचेवर निम्मी होईपर्यंत आटवा, पेअरच्या फोडी त्यात दहा मिनिटं शिजवा, वरून थोडं लिंबू. होप्सचा (बिअरमध्ये कडूपणासाठी घालतात त्या फुलांचा) कडूपणा आटवल्यावर वाढतो, म्हणून निम्म्यापुढे नेऊ नका, आणि साखर अजिबात घालू नका. आटवून सगळं अल्कोहोल जात नाही, त्यामुळे मुलांच्या ताटात हे नको.